पन्नास रुपयांनी कोणी आळशी होत नाही

रावेर, सावदा, निंभोरा या केळीच्या पट्ट्यात एक मत सध्या इतक्या ठामपणे मांडले जाते, की त्याला पुरावा मागायचे कोणाच्या मनातही येत नाही. सरकारने लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकायला सुरुवात केली आणि गाव बिघडले, असे ते मत. हे बोलणारी माणसे उथळ नाहीत. वादळात बाग आडवी झालेली त्यांनी पाहिली आहे, सीएमव्ही रोगाने धरलेली रोपे स्वतःच्या हाताने उपटून बांधावर फेकली आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे.

ते म्हणतात, आयता पैसा मिळू लागल्यापासून बाया निंदणीला येईनाशा झाल्या, कापूस वेचायला माणूस मिळत नाही. ते म्हणतात, आलेला पैसा घरात टिकत नाही, दारूत जातो. आणि त्यांतले विचारी लोक म्हणतात, शेतकऱ्याला खैरात नको, मालाला भाव द्या. पैसे वाटणे म्हणजे भाव न देण्याची पळवाट. शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण सुरुवात पहिल्यापासून करू, कारण तोच सर्वांत जास्त ऐकू येतो.

आधी रक्कम पाहा. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. पीएम-किसानचे वर्षाला ६०००, म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिना पाचशे. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने २०२३ पासून त्यात तेवढीच भर घातली. ज्या बाईला शेतकरी म्हणून या दोन्ही निधींचे पैसे मिळतात, तिला लाडकी बहीण योजनेतून फक्त पाचशे रुपयांचा फरक मिळतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. दीड हजार म्हणजे त्या दराने पाच दिवसांची मजुरी. उरलेले पंचवीस दिवस चूल कशावर पेटते, याचे उत्तर आळसाचा आरोप करणाऱ्यांनी द्यावे.

हिशेब पुरत नसेल तर प्रत्यक्ष अनुभव पाहा, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे इंदूर जिल्ह्यात २०११-१२ साली ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. प्रौढाला आधी दोनशे, मग तीनशे रुपये. मुलाला त्याच्या निम्मे. कोणतीही अट नव्हती. भिल्लांच्या एका गावातही असाच प्रयोग झाला. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केल्यावर दिसले, की पैसे मिळालेल्या गावांत मोठ्या माणसांचे काम वाढले. फक्त ते दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या शेताकडे सरकले. लोकांनी जनावरे घेतली, मुलींच्या वजनात सुधारणा झाली. इतर देशांतही निष्कर्ष वेगळा नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतले सात प्रयोग एकत्र तपासले. रोख मदतीने माणसे काम सोडतात, असा पद्धतशीर पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग मजूर मिळत नाही ही तक्रार खोटी आहे का? नाही. तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. जिच्या स्वतःच्या दोन एकर कपाशीत तण माजले आहे, ती बाई पूर्वी ते तण तसेच ठेवून बागायतदाराच्या शेतात निंदणीला जात असे, कारण शनिवारच्या बाजाराला हातात रोकड लागे. आज तिच्याकडे थोडी रोकड आहे. ती आधी स्वतःचे शेत निंदते, मग दुसऱ्याच्या शेतात जाते, आणि जाताना मजुरी किती ते विचारते. याला आळस म्हणायचे? बागायतदार आपली केळी पडेल भावाने द्यायला नकार देतो, तेव्हा त्याला आपण हुशार म्हणतो. तिच्यासाठी वेगळा शब्द का?

ही तक्रार २०२४ साली जन्मली, असेही नाही. २०११ साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी शेतीच्या ऐन हंगामात रोजगार हमीची कामे थांबवावीत, असे सुचवले होते. तेव्हा लाडकी बहीण योजना नव्हती, पीएम-किसान नव्हते. गरिबाला दुसरा आधार मिळाला की मजूर बिघडला, हे वाक्य प्रत्येक वेळी तयारच असते.

आणि नियम लावायचा तर सर्वांना लावा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने २०२४ पासून मोफत वीज दिली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून केवळ शेतीवर लाखो कमावणारा बागायतदारही पीएम-किसानच्या यादीतून गळत नाही. या मदतीने तो आळशी झाला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणू नयेच. पण तो होत नाही, तर त्याच्या शेतात राबणारी बाई पन्नास रुपयांनी कशी होते?

दारूच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जगभरचे एकोणीस अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च सर्वसाधारणपणे वाढत नाही, असे त्यांना आढळले. काही ठिकाणी तो घटला. दारूचा प्रश्न खरा आहे, पण तो या पैशाच्या आधीपासून आहे.

आता भावाचा मुद्दा. तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने महाराष्ट्राला शिकवला आणि तो बरोबर आहे. एकरी दोनशे क्विंटल केळी धरली, तर क्विंटलमागे शंभर रुपयांची घसरण वीस हजार रुपये नेते. केंद्र आणि राज्य या दोघांची मिळून वर्षाची मदत बारा हजार. तेव्हा मदत भावाची जागा घेऊ शकत नाही, आणि जो सत्ताधारी तसे भासवतो त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण यावरून मदत निरर्थक कशी ठरते? भाव त्यालाच मिळतो, ज्याच्याकडे विकायला माल आहे. शिवाय घरात आलेला भाव बाईच्या हातात आपोआप पडत नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर याच शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. भावाने सारे सुटत असते, तर त्या मोहिमेची गरजच काय होती? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत बायकांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के निघाले. अशा देशात बाईच्या स्वतःच्या खात्यात पडणारे दीड हजार रुपये ही लहान गोष्ट नाही.

पैसा किती, याइतकेच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचे. मृगाच्या तोंडावर हातात दोन हजार रोख असले, तर कृषी केंद्रातून बियाण्याची पिशवी उधारीवर उचलावी लागत नाही. तेच दोन हजार सावकाराकडून दरमहा शेकडा पाचाने घेतले, तर दिवाळीत पहिल्या वेचणीचा कापूस विकेपर्यंत पाच महिन्यांत पाचशे रुपये व्याजाचे होतात. उत्तर प्रदेशात पीएम-किसानचा अभ्यास झाला, तेव्हा हंगामात हप्ता मिळालेल्यांनी तो मुख्यतः शेतीत घातला, इतर वेळी मिळालेल्यांनी घरखर्चाला वापरला, असे दिसले. शेतकऱ्याला पैसा कुठे घालायचा ते कळते. त्याला तो वेळेवर हवा असतो.

तिजोरीचा आक्षेप मी टाळत नाही. लाडकी बहीण योजनेवर वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील, असा अंदाज राज्यानेच दिला होता, आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना ती आली, हेही सर्वांना ठाऊक आहे. हा पैसा कोणाकडून, कोणत्या करातून आणि कोणता खर्च मागे ठेवून उभा करायचा, यावर कडाडून भांडले पाहिजे. पण देणाऱ्याचा हेतू स्वार्थी होता म्हणून घेणाऱ्याच्या घरातला परिणाम खोटा ठरत नाही.

या योजनांमध्ये दोष आहेत. आक्षेप घेणारे बोट ठेवतात, त्याहून ते वेगळ्या जागी आहेत. २०१९ साली ठरलेली सहा हजारांची रक्कम तिथेच थांबली. खत, मजुरी, डिझेल थांबले नाही. आणि पीएम-किसान सातबाऱ्याला बांधलेली आहे. बटाईने शेत करणारा तिच्या बाहेर राहतो. अखाजीला साल ठरवून वर्षभर केळीच्या बागेत राबणारा भूमिहीन सालदारही बाहेरच राहतो. ज्या बागेला तो पाणी देतो, तिच्या नावाचा हप्ता मालकाच्या खात्यात जमा होतो, आणि फुकटच्या पैशाने मजूर बिघडला असे त्याला तोच मालक ऐकवतो.