अलेग्रो : आनंदाचा शब्द, वेगाचा हुकूम

१/ बेथोवनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तिच्या पहिल्या भागाच्या माथ्यावर सूचना आहे : ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’. इटालियन भाषेत अलेग्रो म्हणजे आनंदी. पण त्या भागाच्या आरंभीचे चार घणाघाती स्वर ऐकून त्याला आनंदी कोण म्हणेल? मग हा शब्द तेथे आला कसा?

२/ अशा सूचना लिहिण्याची रीत इटलीत रुजली. बोलोन्याचे संगीतकार आद्रियानो बांकिएरी यांच्या १६११ च्या ऑर्गनवादनावरील ग्रंथात त्या आढळतात. पुढे इटालियन संगीतकार युरोपभरच्या दरबारांत आणि ऑपेरागृहांत पोहोचले. त्यांच्या मुद्रित रचनांबरोबर हे शब्दही सर्वदूर गेले.

३/ यांतील बहुतेक शब्द वेगाचे नव्हतेच, ते वृत्तीचे होते. विवाचे म्हणजे चैतन्यपूर्ण, कॉन स्पिरितो म्हणजे उत्साहाने, कॉन ब्रिओ म्हणजे जोमाने. थेट ‘शीघ्र’ असा अर्थ असलेला शब्द प्रेस्तो. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ च्या व्हायोलिनवरील ग्रंथात विवाचेला द्रुत आणि संथ यांच्या मधले स्थान दिले आहे. आज मात्र तो शब्द द्रुत गतीचाच मानला जातो.

४/ मग नेमका वेग कसा ठरे? पुष्कळदा रचनाकार स्वतःच वादकांसमोर असे. तो नसेल तेव्हा परंपरा आणि जाण कामी येई. योहान क्वांट्झ यांनी १७५२ मध्ये एक उपाय सुचवला : निरोगी माणसाच्या नाडीचे मिनिटाला सुमारे ८० ठोके धरून लय मोजावी.

५/ अलेग्रोचा अर्थ हळूहळू ‘आनंदी’वरून ‘जलद’कडे सरकला. शोकाच्या, संघर्षाच्या रचनांवरही तो लिहिला जाऊ लागला. ही विसंगती बेथोवनला खटकत होती. त्याची श्रवणशक्तीही जवळजवळ लोपली होती. आपली रचना दूरच्या शहरात कोणत्या लयीत वाजते, हे त्याला ऐकून पारखता येणार नव्हते.

६/ अशा वेळी एक यंत्र हाती आले. अॅमस्टरडॅमच्या विंकेल यांची मूळ कल्पना वापरून योहान मेल्झेल यांनी १८१५ मध्ये मेट्रोनोमचे पेटंट घेतले. १८१७ मध्ये बेथोवनने संगीतज्ञ इग्नाझ फॉन मोझेल यांना पत्र लिहून अलेग्रोसारख्या वेगदर्शक शब्दांना निरर्थक ठरवले. रचनेचा स्वभाव सांगणाऱ्या शब्दांची गोष्ट मात्र वेगळी, असेही त्याने बजावले.

७/ त्याच वर्षी त्याच्या आठ सिंफनींचे मेट्रोनोम-आकडे लाइपझिगच्या संगीतविषयक नियतकालिकात छापले गेले. पाचवीच्या पहिल्या भागाला आकडा मिळाला १०८ : मिनिटाला १०८ ठोके आणि प्रत्येक ठोक्याला स्वरलिपीतील एक पूर्ण विभाग. हा वेग धाप लावणारा आहे.

८/ आकड्याने वाद मिटला नाही, उलट नवा पेटला. विसाव्या शतकात अनेक नामवंत संचालकांनी हा भाग बराच संथ वाजवला. बेथोवनचा मेट्रोनोमच बिघडलेला असावा, असा तर्कही पुढे आला. १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टन यांनी जुन्या घडणीच्या वाद्यांवर ते आकडे गांभीर्याने पाळून दाखवले.

९/ बेथोवनने इटालियन शब्द अखेरपर्यंत पूर्णपणे सोडले नाहीत. पाचवीवर आज दोन्ही खुणा आहेत. १०८ हा आकडा किती जलद ते सांगतो. तो जोम कोणत्या वृत्तीचा, हे सांगायला मात्र ‘कॉन ब्रिओ’च लागते.