खेळण्याच्या वाटेने आलेले चित्रगृह

नव्या साधनांचा इतिहास लिहिताना ते साधन कोणी शोधून काढले, एवढेच आपण बहुधा विचारतो. ते घरात कोणत्या वाटेने शिरले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः समाजाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा असतो. कारण शोध प्रयोगशाळेत लागतो, परंतु सवय घरात लागते. आज हवा तो चित्रपट हवा तेव्हा इंटरनेटवाटे घरच्या पडद्यावर पाहण्याची जी सवय जगास जडली आहे, तिची एक मुख्य वाट मुलांच्या खेळण्यावरून गेलेली आहे, असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. तथापि अमेरिका आणि इंग्लंड या देशांपुरते ते खरे आहे. २००८ ते २०१० या तीन वर्षांत, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाची जी यंत्रे 'गेम कन्सोल' म्हणून ओळखली जातात, त्यांच्या दारातून चित्रपट त्या घरांच्या बैठकीत आले. हा इतिहास लहान आहे. परंतु दार कोणाचे, पाहुणा कोण आणि अखेरीस घरधनी कोण, हा प्रश्न त्यात फार स्पष्टपणे दिसतो. म्हणून तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

या कथेचे मूळ बरेच मागे आहे. राल्फ बेअर या अभियंत्यास १९६६ साली असे सुचले की, लोकांच्या घरी असलेला दूरचित्रवाणी संच केवळ प्रक्षेपण केंद्राकडून येईल ते दाखविण्यापुरताच का असावा? त्याच्या प्रयत्नांतून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे घरगुती खेळाचे पहिले यंत्र बाजारात आले. पडद्यावर काय दिसावे हे प्रेक्षकाने ठरवावे, हे तत्त्व येथे प्रथम घरात आले. पुढे चित्रपटांनीही त्याच तत्त्वाचा आश्रय घेतला. बाहेरून माल आणून या यंत्रात ओतण्याचे प्रयोगही लवकरच सुरू झाले. १९८३ मध्ये 'गेमलाइन' नावाच्या सेवेने टेलिफोनच्या तारेवरून अटारीच्या यंत्रात खेळ पोहोचविले. १९९४ मध्ये 'सेगा चॅनेल'ने तेच काम केबलवरून केले. दोन्ही सेवा काही वर्षांत मावळल्या. तार बारीक होती आणि यंत्रात साठवणीला जागा नव्हती. खेळच जेथे कष्टाने मावत, तेथे चित्रपट कोठून मावणार?

चित्रपट या यंत्रात प्रथम आला तो तबकडीच्या रूपाने. सोनी कंपनीने मार्च २००० मध्ये जपानात 'प्लेस्टेशन २' विक्रीस काढले, तेव्हा ते खेळाबरोबर डीव्हीडीही वाजवीत असे. मुलांसाठी यंत्र घेतले की आईबापांना चित्रपट पाहण्याचे साधन अनायासे मिळे. या यंत्राची विक्री जगभर पंधरा कोटींच्या वर गेली, आणि ज्यांनी स्वतंत्र डीव्हीडी-यंत्र कधीच घेतले नसते अशा असंख्य घरांत डीव्हीडी पोहोचली. हा धडा सोनी विसरली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन ३' मध्ये तिने आपली नवी 'ब्लू-रे' तबकडी बसविली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०' वर चित्रपट भाड्याने देण्याचे स्वतःचे दुकान उघडले. दोन्ही कंपन्यांची समजूत एकच होती: यंत्र आमचे, म्हणून दार आमचे, आणि दार आमचे, म्हणून दुकानही आमचेच राहील.

आता या दाराशी आलेल्या पाहुण्याकडे वळू. नेटफ्लिक्स ही कंपनी रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापिली. तिचा मूळ धंदा टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठविण्याचा होता. जानेवारी २००७ मध्ये तिने संगणकावर थेट चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. यासच आज 'स्ट्रीमिंग' म्हणतात. यात संपूर्ण चित्रपट आधी उतरवून घ्यावा लागत नाही. त्याचे लहान लहान तुकडे एकामागून एक येत राहतात, यंत्र थोडेसे तुकडे पुढचे म्हणून साठवून ठेवते आणि उरलेले येत असतानाच चित्र चालू होते. आरंभी सुमारे एक हजार चित्रपट उपलब्ध होते, आणि वर्गणीच्या प्रत्येक डॉलरमागे महिन्यास साधारण एक तास पाहता येत असे. पण खरी अडचण वेगळीच होती. चित्रपट ही वस्तू घरातील मंडळींनी एकत्र बसून पाहावयाची; संगणक मात्र मेजावर, एकट्याच्या खुर्चीपुढे. आणि त्या काळच्या दूरचित्रवाणी संचांना बहुधा इंटरनेट ठाऊकच नव्हते.

या अडचणीवर नेटफ्लिक्सने स्वतःची एक पेटी तयार करविली होती. ती बाजारात येण्याच्या बेतात असतानाच हेस्टिंग्ज यांनी तो बेत रद्द केला. आपणच यंत्र विकू लागलो तर इतर यंत्रे करणाऱ्यांचे आपण प्रतिस्पर्धी होऊ आणि ते आपल्याला आपल्या यंत्रात शिरू देणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. पेटीचे काम 'रोकू' या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि मे २००८ मध्ये ती सुमारे शंभर डॉलरना विक्रीस आली. नेटफ्लिक्सने स्वतः मात्र दारोदार फिरण्याचा मार्ग पत्करला. अशी दारे असलेली यंत्रे लक्षावधी घरांत आधीच होती. कन्सोल दूरचित्रवाणी संचास जोडलेला असे, त्याला इंटरनेटची तार लावता येई, चलच्चित्र उलगडण्याइतकी त्याची शक्ती असे. आणि विशेष म्हणजे नवा कार्यक्रम पाठवून त्याला दुरून नवे काम शिकविता येई. म्हणजे घरात नवी वस्तू न आणताही नवी सेवा आणता येत होती.

१९ नोव्हेंबर २००८ रोजी एक्सबॉक्स ३६० चे रूप बदलणारा नवा कार्यक्रम प्रसृत झाला व त्याबरोबर नेटफ्लिक्स त्या यंत्रावर आले. परंतु दारावर टोल होता. नेटफ्लिक्सची वर्गणी भरलेल्या माणसासही, मायक्रोसॉफ्टची वर्षाला सुमारे पन्नास डॉलरची 'गोल्ड' वर्गणी निराळी भरल्यावाचून आत प्रवेश नव्हता. शिवाय चित्रपटांची यादी संगणकावर आधी करून ठेवावी लागे. कन्सोलवर त्या यादीतूनच निवड करता येई. इतके असूनही पहिल्या तीन महिन्यांत दहा लक्ष सभासदांनी ही सेवा सुरू करून घेतली. पुढे तर निरनिराळ्या गावी असलेल्या मित्रांना एकच चित्रपट एकाच वेळी पाहता यावा अशी सोयही काही काळ होती. पडद्यावर त्या मित्रांच्या बाहुल्या खुर्च्यांत बसलेल्या दिसत. घरातले हे चित्रगृह अशा रीतीने खऱ्या चित्रगृहाची नक्कल करू पाहत होते.

प्रतिस्पर्ध्यांची गंमत यापुढची. सोनीच्या मालकीच्या कोलंबिया पिक्चर्सचे जे चित्रपट नेटफ्लिक्सवर संगणकावर दिसत, ते प्रारंभी एक्सबॉक्सवर दिसत नसत. एकच ग्राहक, एकच वर्गणी, एकच चित्रपट. पण दार बदलले की चित्रपट अदृश्य! उलट मायक्रोसॉफ्टशी नेटफ्लिक्सचा करार असल्यामुळे सोनीच्या यंत्रात ही सेवा सरळ बसविता येईना. तेव्हा नोव्हेंबर २००९ मध्ये एक युक्ती निघाली. ग्राहकास टपालाने एक ब्लू-रे तबकडी पाठवावयाची. चित्रपट पाहताना ती यंत्रात ठेवली की तबकडीच इंटरनेटशी बोलणार. तबकडी नाहीशी करण्यासाठी निघालेली सेवा तबकडीच्याच पाठीवर बसून आली! २०१० च्या वसंत ऋतूत निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्रावरही ती अशीच तबकडीने पोहोचली. वी हे यंत्र मुळात डीव्हीडीवरील चित्रपट दाखवीतच नसे. ज्याने डीव्हीडीची पायरी ओलांडलीच नव्हती, ते एकदम पुढच्या पायरीवर जाऊन बसले. ऑक्टोबर २०१० मध्ये दोन्ही यंत्रांवरील तबकडीची अट सुटली.

येथे इंग्लंडचे उदाहरण मुद्दाम देण्यासारखे आहे, कारण ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचे आहे. बी.बी.सी.ने डिसेंबर २००७ मध्ये आपली 'आयप्लेअर' ही सेवा जनतेसाठी रीतसर सुरू केली आणि एप्रिल २००८ मध्येच, म्हणजे एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्स येण्याच्या सात महिने आधी, ती वी यंत्रावर दाखविली. एक्सबॉक्सवर मात्र ती यावयास मार्च २०१२ उजाडला. ज्या कार्यक्रमांसाठी जनतेने परवाना-शुल्क आधीच भरले आहे ते एका खाजगी वर्गणीच्या आड ठेवणे बी.बी.सी.च्या धोरणात बसत नव्हते, हे त्या विलंबाचे कारण म्हणून तेव्हा सांगितले गेले. आणि सेवा आली ती 'गोल्ड' वर्गणी न भरणाऱ्यांनाही खुली होऊनच आली. व्यापारी पाहुण्याने टोल मान्य केला. सार्वजनिक संस्था दाराबाहेर थांबली, पण टोल चुकविल्यावाचून आत आली. आमच्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी घटना हीच होय.

'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही आपली म्हण यापुढच्या दशकास तंतोतंत लागू पडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेद्वारे नेटफ्लिक्सने स्वतःच्या मालिका मोठ्या प्रमाणावर काढण्यास प्रारंभ केला. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा सेवांवरील 'गोल्ड' वर्गणीची अट काढून टाकली. तोवर दूरचित्रवाणी संचांतच इंटरनेट आले होते. शेजारचे दार फुकट उघडे असताना आपल्या दारावर टोल घेत बसणे शक्य नव्हते. पुढे यजमानांची दुकानेच उठली. सोनीने ३१ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानात चित्रपट विकणे व भाड्याने देणे थांबविले. २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६० चे दुकान कायमचे मिटले, आणि जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चित्रपटांची नवी विक्रीच बंद केली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, नेटफ्लिक्सने आपल्या सभासदांना मोबाइलवर खेळ देण्यास प्रारंभ केला होता. चित्रपट खेळण्याच्या वाटेने आला, आणि स्थिरावल्यावर त्याने खेळच आपल्या पदरी ठेवला.

या घडामोडीत यजमानाचे गेले आणि पाहुण्याचे झाले; पण प्रेक्षकाचे काय झाले? जानेवारी २०१९ अखेर वी यंत्रावरील चित्रपट-सेवा बंद झाल्या. यंत्र धडधाकट होते, पण त्याचे दार बाहेरून लावले गेले. त्याहून बोलके उदाहरण जर्मनी व ऑस्ट्रिया येथले. तेथे प्लेस्टेशनच्या दुकानातून ज्यांनी स्टुडिओकॅनल या संस्थेचे चित्रपट पैसे मोजून 'विकत' घेतले होते, त्यांच्या संग्रहांतून ते ३१ ऑगस्ट २०२२ रोजी काढून घेण्यात आले. करार संपले, एवढेच कारण. आमच्यासारख्या सरकारी नोकरांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी क्वार्टरमध्ये माणूस वर्षानुवर्षे राहतो, खिडकीत तुळस लावतो, भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करतो. तरी वाटपाचा कागद हा राहण्याचा परवाना असतो, मालकीचे खत नव्हे. क्वार्टर घेताना आपल्याला हे ठाऊक असते. त्या ग्राहकांच्या बिलावर मात्र 'खरेदी' हाच शब्द होता.

आपल्या देशात ही कथा निराळ्या वाटेने घडली. येथे कन्सोल थोड्याच घरांत होते. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची स्वस्त सेवा सुरू झाली आणि आपले दार खेळण्याऐवजी मोबाइल हे ठरले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मंडळींस त्याचा लाभ झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा तो पुण्यास ज्या दिवशी दिसू लागला त्याच दिवशी दिल्लीस, कलकत्त्यास आणि हैदराबादेसही दिसू लागला. एरवी मराठी चित्रपटाच्या एका खेळासाठी मंडळाने सभागृह घ्यावे, तिकिटे खपवावीत, हा खटाटोप आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे.

परंतु मंडळाच्या कपाटात बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंक अजूनही तेथेच आहेत. ते छापणारी कित्येक मासिके बंद पडली. तरी त्यांच्या प्रती कोणी परत मागावयास आले नाही. चित्रपटाचे तसे राहिलेले नाही. म्हणून आम्हांस असे वाटते की, परप्रांती आपली भाषा जपू पाहणाऱ्यांनी नव्या दारांचे स्वागत अवश्य करावे. मात्र ज्या मोजक्या कृती आपल्या मुलांनी वीस वर्षांनी पाहाव्यात अशी आपली इच्छा आहे, त्यांची तबकडी किंवा प्रत मिळत असेल तोवर ती मंडळाच्या संग्रही आणून ठेवावी. हे काम फार खर्चाचे नाही, आणि त्याला कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.