लाल दिवा कोण दाखवणार?

गणपतीला टेमघरहून कोकणात निघायचं म्हटलं की आमच्याकडे दरवर्षी तोच वाद. रेल्वे की एसटी? मग कुणीतरी हळूच 'सावित्री' म्हणतं आणि सगळे गप्प होतात.

२ ऑगस्ट २०१६. रात्री साडेअकराच्या सुमाराला महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि एक तवेरा अंधारात पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली.

पूल जुना होता, पूर मोठा होता, हे सगळं खरं. पण मला टोचतं ते वेगळंच. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला 'थांब' सांगणारी कुठलीच व्यवस्था तिथे नव्हती. गाड्या अडवल्या त्या जवळपासच्या माणसांनी, तेही पूल गेल्यावर.

रेल्वे हा धडा आधीच शिकली होती, तोही माणसं गमावूनच. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली, पन्नासच्या वर प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळेच घसरली. आज कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश जातात. ट्रॅकमन रात्रंदिवस रुळांवर गस्त घालतात. आणि गंमत बघा, त्याच सावित्रीवर, वीर आणि सापे-वामने स्टेशनांच्या मधल्या रेल्वेपुलावर, पाणी धोक्याच्या वर गेलं की इशारा देणारी यंत्रणा आहे.

नदी तीच. फरक एवढाच की रेल्वेत कुणीतरी सिग्नल लाल करू शकतो. रस्त्यावर मात्र प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या भरवशावर!

नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरूही झाला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची हुशार वाहतूक यंत्रणा आली, तिची चर्चा मात्र जास्त होते ती चलनांचीच. यंत्र पाणी मोजेल, दरड बघेल, फलकावर अक्षरंही उमटवेल. पण रात्री साडेअकराला, मुसळधार पावसात, 'रस्ता बंद' म्हणायचा अधिकार कुणाकडे? आणि तो माणूस जागा असेल का?

ट्रॅकमनच्या हातातला दिवा साधाच असतो. पण तो दिसला की गाडी थांबते.

असो. यंदाही वाद होईलच. माझं मत रेल्वेला.