'शेवटची गायिका' कितव्यांदा?

लोकगीतांच्या संग्राहकाबद्दल बोलताना एक गोष्ट ठरलेली असते. परंपरा मरणपंथाला लागलेली, शेवटची म्हातारी शेवटचं गाणं म्हणतेय, आणि ऐनवेळी हा गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन दारात हजर. स्कॉटलंडचे हॅमिश हेंडरसन (१९१९–२००२) यांनाही आपण याच चौकटीत बसवतो. त्यांच्यावर रॉबी फ्रेझर यांनी २०१६ मध्ये 'हॅमिश' हा माहितीपट केला. माझं भांडण त्या चित्रपटाशी नाही. तो पाहायला जाताना प्रेक्षक जी समजूत बरोबर नेतात, तिच्याशी आहे. ती समजूत अशी, की गाणी संपत आली होती आणि हेंडरसननी ती वाचवली.

'संपत आली' ही हाकाटी किती जुनी आहे ते पाहा. वॉल्टर स्कॉटने १८०२ मध्ये सीमाभागातली कथागीतं छापली, तेव्हा ती गाणाऱ्या मार्गारेट लेडलॉने त्यालाच सुनावलं, की ही गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे. तू ती बिघडवलीस, आता ती कुणी गाणार नाही. बाईंचा राग रास्त होता, भाकीत मात्र चुकलं. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने १८८२ ते १८९८ या काळात ३०५ कथागीतांचा कोश केला. तो मुख्यतः पुस्तकं आणि हस्तलिखितांवरून, कारण लोकांच्या तोंडी आता फारसं उरलेलं नाही अशी त्याची धारणा होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत ॲबर्डीनशायरमधल्या गॅव्हिन ग्रेग या शिक्षकाने आणि जेम्स डंकन या पाद्र्याने इतकी गाणी टिपली, की ती छापायला आठ खंड लागले.

आणि १९५३ मध्ये हेंडरसनना ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटल्या. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत. 'एडवर्ड' हे कथागीत युरोपातल्या विद्वानांना बिशप पर्सीच्या १७६५ च्या पुस्तकामुळे ठाऊक होतं. जीनी तेच 'सन डेव्हिड' म्हणून गात होत्या, पुस्तकातून न शिकता. मग इतकी वर्षं त्या कुणाला दिसल्या कशा नाहीत? त्या 'ट्रॅव्हलर' समाजाच्या होत्या. पालं ठोकून फिरणाऱ्या या लोकांना 'टिंकर' म्हणून हिणवलं जाई आणि सभ्य माणूस त्यांच्याकडे फिरकत नसे. मरत काही नव्हतं. ऐकणारे बहिरे होते.

ब्लेअरगाउरीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. हेंडरसन यांचा जन्म त्याच गावचा. पण तिथल्या स्ट्यूअर्ट कुटुंबाच्या गाण्यांपर्यंत ते पोचले केंब्रिज आणि उत्तर आफ्रिकेतलं युद्ध करून आल्यावर. रासबेरीच्या तोडणीला जमलेल्या ट्रॅव्हलर मजुरांच्या तळावर ते राहू लागले, तेव्हा गाणी आणि गोष्टी इतक्या आल्या की यंत्र अपुरं पडलं.

प्रतिपक्ष म्हणेल, टेप नसती तर आज जीनींचा आवाज कुठून ऐकला असता? मान्य. आवाज टेपने राखला. परंपरा मात्र जीनींची मुलगी लिझी हिगिन्स आणि पुतण्या स्टॅन्ली रॉबर्टसन यांनी चालवली, आणि त्यासाठी त्यांना अभिलेखागाराची गरज नव्हती.

ह्यू मॅकडर्मिड या थोर कवीला लोकगीतं मागासलेपणाची खूण वाटत. १९६४ मध्ये 'द स्कॉट्समन'च्या पानांवर त्याचा आणि हेंडरसन यांचा जोरदार वाद झाला. गंमत अशी, की लोकगीतांचा हा तुच्छतावादी आणि त्यांचे हळवे भक्त एकाच गृहीतावर उभे आहेत: ही गाणी भूतकाळाची. हेंडरसनना ते मुळातच अमान्य होतं. १९५१ मध्ये एडिंबरात त्यांनी पीपल्स फेस्टिव्हलची मैफल भरवली, ती खेड्यापाड्यांतल्या गायकांना शहरी श्रोत्यांसमोर बसवून. १९६० मध्ये एका पाइप-मार्चच्या चालीवर त्यांनी 'फ्रीडम कम-ऑल-ये' रचलं, आणि ते आजही गायलं जातं. निव्वळ जतन करणारा माणूस असा नव्या रचना त्याच प्रवाहात सोडत नाही.

हेंडरसन यांचं श्रेय मोठंच आहे, पण ते तारणहाराचं नव्हे, जाणकार श्रोत्याचं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांपैकी पुष्कळशी 'टोबर अन् डुअलखस' या संकेतस्थळावर २०१० पासून मोफत ऐकता येतात. तेव्हा हेंडरसन यांच्यावरचा माहितीपट जरूर पाहा, पण त्याआधी जीनी रॉबर्टसन ऐका.