काठीची होळी व आपली दृष्टि

देव पाहावयाचा म्हणजे देवळांत जावयाचें, ही समजूत सुशिक्षित मनांत इतकी मुरली आहे कीं, जेथें देऊळ नाहीं तेथें धर्महि अप्रगत असावा असें आपण सहज धरून चालतों. इंग्रजी अमदानींतील खानेसुमारीनें आदिवासींच्या देवधर्मासाठीं ‘सर्वचेतनवाद’ अशा अर्थाचें सदर पाडलें, आणि आम्हीं कॉलेजांत तें निमूटपणें घोकलें.

नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांत, काठी हें गांव आहे. पूर्वीं तें एका मेवासी इस्टेटीचें ठाणें होतें. तेथील होळी म्हणजे रानांतून आणलेला एक उंच बांबू. त्याचा खड्डा हत्यारानें नव्हे, हातांनीं उकरतात. रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे अग्नि दिला जातो. नवस फेडणारे बुध्ये अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात. कमरेस भोपळे व घुंगरूं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. तत्पूर्वीं कांहीं दिवस ते व्रतस्थ राहतात, जमिनीवर निजतात.

प्रस्तुत लेखकासहि प्रथम त्यांत केवळ वेषभूषाच दिसली. परंतु येथें मूर्ति नाहीं असें कसें म्हणावें? व्रतानें शुद्ध झालेला देह हीच मूर्ति. नवस फिटला कीं ती पुसली जाते. भाद्रपदांत मातीचा गणपति पाण्यांत सोडणाऱ्यांना हें दुर्बोध वाटूं नये.

उलट आपल्या देव्हाऱ्याकडे पाहावें. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीं भिंतींवर आल्या. जें रूप आपण सनातन मानतों, तें पुष्कळ अंशीं या छापील चित्रांनीं आपल्या डोळ्यांत भरविलेलें आहे. आपली दृष्टीहि इतिहासानें घडविलेली आहे, हें ओळखल्यावर दुसऱ्याच्या धर्माला अप्रगत म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. सरदार सरोवरामुळें याच जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बुडिताखालीं आलीं. देवळांतील मूर्ति उचलून नव्या वसाहतींत नेतां येते. पण ज्यांचा देव डोंगरांत, झाडांत, नदीकांठीं आहे, त्यांनीं काय उचलावें? घर मोजलें जातें, शेत मोजलें जातें. जें मोजणाऱ्याला दिसतच नाहीं, तें कोणत्या कागदावर चढावें? म्हणून पाहावयास शिकणें ही केवळ रसिकता नसून न्यायाची पहिली पायरी आहे.