एड्स-प्रतिबंध, महाराष्ट्रातील

एचआयव्ही या विषाणूची लागण टाळण्यासाठी महाराष्ट्रात योजलेले उपाय आणि त्यांसाठी उभारलेला निधी यांचा इतिहास १९८६ पासून सुरू होतो. त्या वर्षी मद्रास येथे देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू भारतात प्रथम आढळला. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. प्रभावी औषधोपचार उपलब्ध नसल्याने लोकशिक्षण, निरोधचा वापर व सुरक्षित रक्त हेच उपाय हाती होते. धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. कार्यक्रमाचा पैसा केंद्राकडून प्रथम राज्याच्या कोषागारात जमा होई. अर्थसंकल्पात तरतूद, वित्त विभागाची मंजुरी व खर्चाचे आदेश हे सोपस्कार पुरे होईपर्यंत वर्षाचा बराचसा काळ निघून जाई. ३१ मार्चला अखर्चित रक्कम व्यपगत होई. साथ मात्र आर्थिक वर्षाचा हिशेब पाळत नाही. या अडचणीवर तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र नोंदणीकृत संस्था स्थापून मार्ग काढला. महाराष्ट्रात १९९८ मध्ये राज्यासाठी एक आणि मुंबईसाठी महानगरपालिकेच्या अखत्यारीत दुसरी, अशा दोन एड्स नियंत्रण संस्था अस्तित्वात आल्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राचा निधी अशा संस्थांकडे थेट येऊ लागला.

निधी प्रत्यक्ष वस्तीपर्यंत पोहोचविण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवी संस्थांनी केले. सांगली येथे १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यशिक्षक केले. निरोध वाटणारी व समजावून सांगणारी व्यक्ती त्याच वस्तीतील असल्याने तिच्या शब्दावर विश्वास बसे. १९९६ मध्ये या स्त्रियांची ‘वॅम्प’ ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. २००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानचा ‘आवाहन’ हा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला व पुढे टप्प्याटप्प्याने शासनाकडे सोपविण्यात आला. बाह्य साहाय्य मुदतीचे असते. त्यानंतरचा भार सार्वजनिक निधीवरच येतो, हे यातून स्पष्ट झाले.

१ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांतील शासकीय रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली. नियमित औषधांनी विषाणूचे रक्तातील प्रमाण अत्यल्प राहिल्यास लैंगिक संबंधातून लागण पसरत नाही. त्यामुळे उपचार हाही प्रतिबंधाचा भाग ठरला. तथापि २०१४-१५ मध्ये केंद्रीय निधी पुन्हा राज्य कोषागारांमार्फत देण्याची पद्धत आली, तेव्हा अनेक राज्यांत तो विलंबाने पोहोचला आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे वेतन थकले. अशा वेळी पहिला आघात प्रतिबंधक कार्यावर होतो. औषध न मिळालेला रुग्ण दिसतो. टळलेली लागण कोणास दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा मागणारेही थोडे असतात.

निधीच्या या प्रवासाचा शेवट गावात होतो. दापोली तालुक्यातील (जि. रत्नागिरी) केळशीसारख्या किनाऱ्यावरील गावांतून चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आले आहेत. शहरातील प्रतिबंधक कार्याचा लाभ म्हणूनच कोकणातील त्यांच्या कुटुंबांनाही होतो. उलट, लहान गावात सर्वजण परस्परांना ओळखतात. तेथे तपासणीची गुप्तता राखणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाने संमतीविना तपासणी, गुप्ततेचा भंग व भेदभाव यांस मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. परंतु समुपदेशकाचे पद रिक्त राहिल्यास हा हक्क कागदावरच राहतो.

२०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लक्ष व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. त्यांपैकी सुमारे ३.९४ लक्ष महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक होत्या. २०१० ते २०२१ या काळात देशातील वार्षिक नव्या लागणींत सुमारे ४६ टक्के घट झाली. ही घट अखंड चाललेल्या कार्याचे फळ आहे. तीच निधी आखडता घेण्याचे कारण झाल्यास साथ पुन्हा वाढण्यास वाव मिळतो.