‘अ‍ॅव्हरेज’चा आकडा येतो कुठून?

२०२५ च्या पावसाळ्यात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून देशभर वाद पेटला. गाडी पूर्वीइतकी धावत नाही, अशी तक्रार करणाऱ्या अनेकांनी पुरावा म्हणून पुढे केले ते डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्याचे छायाचित्र. एका बाजूला सरकारी समित्यांचे अंदाज, दुसऱ्या बाजूला रोज डोळ्यांसमोर लुकलुकणारा आकडा. सामान्य माणसाचा विश्वास साहजिकच दुसऱ्यावर बसला. मात्र तो आकडा कोण मोजते, कशावरून मोजते आणि त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न या गदारोळात मागेच राहिला. त्याचे उत्तर पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

गाडी एका लिटरमध्ये किती धावते याला मराठीत सर्रास ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. हा शब्द वापरणाऱ्यांना वाटतो त्याहून तो अधिक अचूक आहे, कारण क्षणाक्षणाच्या खपाला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो सरासरीला. संगणक येण्यापूर्वी ती काढण्याची एकच रीत होती. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपून ठेवायचे, काही दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. आजही प्रामाणिक रीत हीच. तिचा दोष एवढाच की पंपावरची नळी दर वेळी नेमक्या त्याच पातळीला थांबत नाही. तीस लिटरमागे अर्धा लिटर इकडेतिकडे झाला, तरी उत्तर सुमारे पावणेदोन टक्क्यांनी हलते. दहा टाक्यांचा हिशेब एकत्र मांडला की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. पण दहा टाक्यांची वही ठेवणारे लोक विरळाच.

चालकाला गाडी चालवता चालवताच खप दिसावा, या कल्पनेला बळ दिले ते १९७३ च्या तेलसंकटाने. ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये कायदा करून उत्पादकांवर सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले. १९७८ च्या गाड्यांसाठी ते गॅलनला १८ मैल होते, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरांहून थोडे अधिक. आजच्या भारतीय वाचकाला हे उद्दिष्ट हास्यास्पद वाटेल. तेव्हाच्या अमेरिकी कारखान्यांना ते डोंगराएवढे वाटले होते.

त्या दशकात अनेक गाड्यांत एक साधी तबकडी दिसू लागली. तिच्यात ना संगणक होता, ना इंधनाचे मोजमाप. इंजिनात हवा ज्या नळीतून शिरते तिथली निर्वात पोकळी ती दाखवत असे. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली राहते, पोकळी वाढते आणि काटा हिरव्या पट्ट्यात जातो. पाय जोरात दाबला की काटा लाल पट्ट्यात. हे मापन नव्हते, ती समज देण्याची सोय होती. चालकाला शिस्त लावण्यापुरती ती पुरेशी होती, हिशेबाला निरुपयोगी.

१९७८ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल या गाडीत ‘ट्रिप कॉम्प्युटर’ हा पर्याय मिळू लागला. त्याच्या पोटात मोटोरोलाचा ६८०२ हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर होता. या चिपवरची स्मृती अवघी १२८ बाइट. त्याच्या आज्ञावलीत बेरीज-वजाबाकी होती. गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नव्हती. किलोमीटर भागिले लिटर हे शाळकरी गणित त्याच्याकडून करवून घ्यायचे तर आज्ञालेखकाला वजाबाक्या आणि अंकांची सरकवासरकव यांची मालिका रचावी लागे. तरीही अवघड होते ते गणित नव्हे. इंधन किती गेले, हे त्या यंत्राला सांगायचे कोणी?

कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात याचे सरळ उत्तर नाही. तिथे हवेचा झोत पेट्रोल ओढून घेतो. विजेचा कोणताही संकेत त्या वाटेत उमटत नाही. म्हणून अशा गाड्यांना वेगळे बसवायच्या यंत्रांत पेट्रोलच्या नळीत इवलेसे चाक घालून त्याचे फेरे मोजत. ते चाक अडकले की हिशेब संपला. खरी वाट उघडली ती इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमुळे. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली आणि पुढे ती पद्धत पसरत गेली. सेव्हिलचे इंजिनही इंजेक्शनचेच होते. या पद्धतीत इंधन सोडणारा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी झडप असते. तिच्यामागचा दाब ठरावीक राखलेला असतो, त्यामुळे ती जितके मिलिसेकंद उघडी, तितके पेट्रोल. झडप किती वेळ उघडायची हे इंजिनाचा संगणकच ठरवतो, म्हणून इंधन मोजायला निराळे यंत्र लागत नाही. संगणक स्वतःच्याच हुकमांची बेरीज करतो.

एक उदाहरण घेऊ. चार सिलिंडरचे छोटे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत आहे. प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांमागे एकदा उघडतो, म्हणजे चौघे मिळून मिनिटाला ४८०० फवारे. प्रत्येक हुकूम ४ मिलिसेकंदांचा. पण झडप जड असते, तिला हलायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, तेव्हा प्रत्यक्ष फवारा ३ मिलिसेकंदांचा. मिलिसेकंदाला ३ घन मिलिमीटर या दराने एका फवाऱ्यात ९ घन मिलिमीटर पेट्रोल. ४८०० ने गुणले की मिनिटाला ४३ मिलिलिटर. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर मिनिटाला एक किलोमीटर कापला जातो, आणि पडद्यावर उमटते : लिटरला २३ किलोमीटर.

आता त्या एका मिलिसेकंदाच्या दिरंगाईकडे पाहावे. बॅटरीचा दाब कमी झाला की झडप आणखी रेंगाळते. संगणकाच्या अंदाजात दशांश मिलिसेकंदाची चूक झाली, तर उत्तर तीन टक्क्यांहून अधिक सरकते. इंजेक्टरच्या तोंडाशी काजळी धरली की ऑक्सिजनचा सेन्सर मिश्रण विरळ झाल्याचे कळवतो आणि संगणक हुकूम लांबवतो. प्रत्यक्षात पेट्रोल तेवढेच जाते, पण हिशेबात जास्त धरले जाते. अंतराच्या बाजूलाही असेच आहे. अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून काढतात. टायर झिजला की त्याचा घेर घटतो, तेवढ्याच रस्त्यावर फेरे वाढतात आणि गाडी खऱ्यापेक्षा जास्त धावल्याची नोंद होते. म्हणजे पडद्यावरचा आकडा खोटा नसतो, तो अनुमानित असतो.

या अनुमानातही भागाकार कसा करायचा, हा नाजूक मुद्दा आहे. साठ किलोमीटर लिटरला २० च्या हिशेबाने गेले आणि परतीचे साठ घाटामुळे १२ च्या हिशेबाने आले, तर सरासरी १६ नव्हे. इंधन लागले ३ अधिक ५, म्हणजे ८ लिटर. १२० भागिले ८ म्हणजे १५. संगणक ही चूक करत नाही, कारण तो एकूण अंतराला एकूण इंधनाने भागतो. चूक माणसे करतात. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला. लिटरला १० देणारी गाडी बदलून १२ देणारी घेतली तर दहा हजार किलोमीटरमागे १६७ लिटर वाचतात. २० ची बदलून ३० ची घेतली तरी तेवढेच वाचतात. यावर उतारा म्हणजे भागाकार उलटा करणे. युरोपातले पडदे शंभर किलोमीटरला किती लिटर हे दाखवतात. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे ‘लिटरला किलोमीटर’ शून्य असते, आणि उतारावर पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, तेव्हा ते अनंत असते. पडदा बिचारा ९९.९ वर थांबतो.

भारतात ही सोय उशिरा आली, आणि आली ती मायलेजच्या हौसेपोटी नव्हे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता. २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले, धुरातील विषारी वायू निवळवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचे काटेकोर प्रमाण हवे होते, आणि ते राखण्यासाठी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्या संगणकाकडे इंधनाचा हिशेब आयताच होता. तो पडद्यावर आणायला फारसा खर्च नव्हता. २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर दुचाकींतही बहुतांशी हेच घडले. लोक ज्याला मायलेजचे यंत्र समजतात ते प्रदूषण-नियंत्रणाचे जोडउत्पादन आहे.

म्हणूनच इथेनॉलच्या वादात त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते. एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटले होते की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. दहा टक्क्यांसाठी बनवून विसाला जुळवलेल्यांची १ ते २ टक्क्यांनी. इंजेक्टरच्या वेळेवर चालणारा पडदा ही घट तत्त्वतः पकडू शकतो, कारण मिश्रण बदलले की हुकूम लांबतात. पण घट आणि पडद्याची स्वतःची चूक एकाच मापाच्या आहेत. त्यात जुलैचा तुंबलेला रस्ता, एसी आणि चाकांतली कमी हवा मिळवली की एका गाडीच्या एका महिन्याच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ना तक्रारदाराचे, ना तक्रार फेटाळणाऱ्याचे.

अधिकृत आकडा तर डॅशबोर्डला विचारतही नाही. पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांत गाडी रोलरवर चढवून सुधारित भारतीय चालनचक्राप्रमाणे १,१८० सेकंद चालवतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. नळकांड्यातून बाहेर पडलेला धूर गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि तेवढा कार्बन देण्यास किती पेट्रोल जळाले असेल हे उलट काढतात. पद्धत निर्दोष आहे. रस्ता मात्र तिथे नाही.

रस्ता आणि प्रयोगशाळा यांची गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न युरोपीय संघाने केला. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत आयुष्यभराचे अंतर आणि इंधन नोंदवणारे साधन सक्तीचे झाले, पाच टक्क्यांच्या आत अचूकतेच्या अटीसह. एकेका गाडीची चूक लाखो गाड्यांच्या ढिगाऱ्यात विरून जाते. २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचे निष्कर्ष मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे रस्त्यावरचे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाले. चार्जिंग करून चालवायच्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे सरासरी साडेतीनपट, कारण मालक त्या गृहीत धरल्याइतक्या चार्जच करत नव्हते. ट्रिप शून्य करण्याचे बटण या नोंदीला लागू पडत नाही.